लिसाची माफी

आमच्या बस्तीतल्या रविवारच्या पाठशाळेत मी चौदा वर्षं शिकवलं. मुलांकडून नुसती सूत्रं पाठ करून घ्यायला लागलं की ती जांभया देतात, म्हणून मी गोष्टी सांगायचे. नेमिनाथांची, यशोधर राजाची, आणि त्यांच्या जोडीला एक अमेरिकन गोष्टही. टीव्हीवरच्या कार्टूनमधली लिसा नावाची आठ वर्षांची मुलगी. तिला एक दिवस कोकराची दया येते आणि ती मांस सोडते. घरचे हसतात, शाळा हसते, पण मुलगी हटत नाही. शेवटी बाप हात जोडतो आणि सगळं घर शाकाहारी होतं. मुलांना ही गोष्ट फार आवडायची. बापानं हात जोडले की टाळ्यासुद्धा पडायच्या.

यंदा मे महिन्याच्या सुट्टीत हैदराबादहून नात आली होती. दहा वर्षांची आहे. तिलाही मी ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "आजी, हे तर 'द सिम्प्सन्स'! आपण बघू या ना." तिनं लॅपटॉपवर तो भाग शोधून काढला. 1995 च्या ऑक्टोबरात पहिल्यांदा दाखवलेला, सातव्या वर्षीच्या मालिकेतला. आम्ही दोघी दुपारी पंख्याखाली बसून बावीस-तेवीस मिनिटं तो बघितला.

बापानं हात जोडलेच नाहीत. माफी लिसानं मागितली.

मी नातीला म्हटलं, "हा वेगळा भाग असेल." ती म्हणाली, "नाही आजी, हाच." संध्याकाळी मुलाला फोन लावला. 2004 च्या सुमाराला, तो आठवीत असताना, केबलवर आम्ही दोघांनी हा भाग बघितला होता. तो हसायला लागला. "आई, तू डुक्कर उडालं तिथंच उठलीस. दिवस मावळायला आला होता, आणि तुला पानं वाढायची होती. पुढचं तू कुठं बघितलंस?" मला अजूनही वाटतं की मी बसले होते. पण त्याचंच खरं असणार, कारण त्या वेळी घड्याळात सहा वाजले की मी कशासाठीही बसून राहत नसे. म्हणजे पुढचं मी माझ्या मनानंच रचलं, आणि चौदा वर्षं पोरांना सांगितलं.

ज्यांनी हा भाग बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लिसा आईवडिलांबरोबर मुलांच्या एका बागेत जाते. तिथल्या प्राण्यांना हात लावता येतो. एक कोकरू तिला फार आवडतं. त्याच रात्री ताटात कोकराच्या बरगड्या येतात आणि तिच्या कानात तेच कोकरू विनवणी करायला लागतं. ती ताट सारते. मग बाप, म्हणजे होमर, एकेका पदार्थाचं नाव घेऊन विचारतो, हेही सोडणार, तेही सोडणार? ती सांगते की हे सगळं एकाच प्राण्यापासून होतं. त्यावर तो कुत्सितपणे म्हणतो, असा कुठला जादूचा प्राणी आहे बाई! शाळेत ती वेगळं जेवण मागते, तेव्हा वाढणारी बाई पावातलं मांस काढून नुसता पाव हातात ठेवते. मुख्याध्यापक मुलांना मांस खाण्याचे फायदे सांगणारी फिल्म दाखवतात. मुलं स्वतंत्र विचार करायला लागली की वाजवायची एक घंटाच त्यांच्याकडे आहे. ती एका दिवसात दोनदा वाजली म्हणून ते वर्गातले रंगीत खडू काढून टाकायला सांगतात. इथं मी मोठ्यानं हसले. आमच्या वेळच्या एक-दोन मास्तरांकडेही ती घंटा होती.

मग होमर अंगणात मोठी मेजवानी ठेवतो. गल्लीतले सगळे येतात. मध्यावर आख्खं डुक्कर भाजत ठेवलेलं असतं. लिसा सगळ्यांसाठी टोमॅटोचं गार सूप करून आणते. मांसाऐवजी हे घ्या, असं आनंदानं सांगते, आणि सगळे खो खो हसतात. तिला ते इतकं लागतं की गवत कापायच्या गाडीवर बसून ती डुकरासकट ती हातगाडी ढकलत पळते आणि उतारावरून सोडून देते. डुक्कर झुडपांतून, नदीतून, धरणाच्या भोकातून शेवटी आकाशात उडतं. होमर मागं धावतोय आणि म्हणतोय, थोडं मळलंय एवढंच, अजून चांगलंच आहे. नात सोफ्यावरून खाली पडायची बाकी होती.

माझी आठवण इथपर्यंतची. आणि इथपर्यंत मी सगळी लिसाच्या बाजूची.

हा भाग असा सहज लिहून झालेला नाही. त्याचे लेखक डेव्हिड कोहेन. त्या वेळी मालिकेची धुरा सांभाळणारे डेव्हिड मिर्किन स्वतः शाकाहारी. बीटल्सवाले पॉल मॅकार्टनी आणि त्यांची पत्नी लिंडा यांनी आपलेच आवाज द्यायचं कबूल केलं, पण एका अटीवर. लिसानं पुन्हा कधी मांस खायचं नाही. कार्टूनवाल्यांचा नियम असा की पुढच्या आठवड्यात सगळं पुसून पाटी कोरी. लिसाचं मात्र पुसलं नाही. लिंडा 1998 साली वारल्या, पण ती अट अजून पाळली जाते. परक्या मुलुखातल्या एका कार्टूनला कुणीतरी आजन्म नियम दिला आणि तो तीस वर्षं टिकला, याचं मला मनापासून कौतुक वाटलं. आमच्याकडे दशलक्षणात घेतलेले काही नियम दिवाळीपर्यंत टिकत नाहीत.

मॅकार्टनी नवराबायकोंनी मांस कसं सोडलं तेही त्यांनी अनेकदा सांगितलंय. स्कॉटलंडमधल्या शेतावर एका रविवारी ते जेवायला बसले होते. ताटात कोकराचं मांस, आणि खिडकीबाहेर कोकरं बागडत होती. दोघांनी ताटाकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. ही लिसाचीच गोष्ट, आणि आपल्याला तर ती त्याहून कितीतरी जुनी माहीत आहे. नेमिकुमारांची वरात निघाली, वाटेत कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकू आला, हे कशाला कोंडलेत विचारलं तर कळलं, लग्नाच्या जेवणासाठी. रथ तिथूनच वळला तो गिरनारला गेला.

दोन्हींत फरक आहे, आणि तो मला या वेळी पहिल्यांदा दिसला. नेमिनाथांनी रथ वळवला. मांडवात जाऊन पंगत उधळली नाही, वऱ्हाडाला शिव्याशाप दिले नाहीत. (तरी राजुलचं काय झालं ते आपण बायकांनी विसरू नये. न बोलता वळलेल्या रथाचीही किंमत कुणीतरी भरतंच. आपल्या जुन्या बायका राजुलची गाणी म्हणताना रडायच्या ते उगीच नाही.) लिसानं दुसऱ्याचं डुक्कर दरीत लोटलं. त्यामुळं ते काही जिवंत झालं नाही. मेलेलं होतं, ते फक्त उडालं.

आता पुढचं, मी न बघितलेलं. लिसा घर सोडून निघते. रस्त्यावर जिकडे बघावं तिकडे मांसाच्या जाहिराती. सगळं जग एकीकडे आणि आपण एकटीच एकीकडे असं तिला होतं. शेवटी ती आपूच्या दुकानात शिरते, चिडून म्हणते, घ्या, तुम्ही जिंकलात, आणि हॉटडॉगचा घास घेते. आपू शांतपणे सांगतो, ते मांस नाही, टोफू आहे. म्हणजे सोयाबीनच्या दुधाचं पनीर. आपण कधीच बदल केला, गिऱ्हाइकांना पत्ताच नाही.

मी नातीला म्हटलं, "थांबव." माझ्या डोळ्यांसमोर यशोधर राजा आला. आमच्या सीमेवरच्या घरांत ही कथा दोन्ही भाषांतून येते. कन्नडमध्ये जन्न कवीनं 1209 साली 'यशोधर चरिते' लिहिलं. राजाला वाईट स्वप्न पडतं. आई म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार नाही. मग आई तोडगा काढते, पिठाचा कोंबडा कर आणि तो काप. राजा आईच्या शब्दाखातर कापतो, आणि त्या पिठाच्या कोंबड्यापायी मायलेकरं जन्मामागून जन्म पशुयोनीत फिरतात. पाठशाळेतली मुलं दर वर्षी विचारायची, "पण बाई, ते तर पीठच होतं ना?" मी सांगायचे, हात पिठावर होता, मन कोंबड्यावर होतं. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा असं फळ्यावर लिहून द्यायचे.

लिसाचा टोफूही तसाच. तिच्या दातांखाली सोयाबीन होतं, पण तिनं घास घेतला तो मांसाचाच म्हणून. आपल्या हिशेबानं तिचा नियम त्या क्षणी मोडला. कार्टूनवाले तिला तिथं अलगद सोडून देतात, आपला शास्त्रकार सोडला नसता. आणि आपूचंही सोडून देता येत नाही. माझे सासरे रविवार पेठेत किराणा-धान्याचा व्यापार करायचे. एका मालाच्या नावाखाली दुसरा माल देणं याला आपल्याकडे नाव आहे, प्रतिरूपक व्यवहार. तो अचौर्यव्रताचा अतिचार. आपूनं जीव वाचवले खरे, पण गिऱ्हाइकाला न सांगता. नातीला हे पटलं नाही. "पण आजी, चांगलंच केलं ना त्यानं?" मी म्हटलं, "उद्या कुणी उलटं केलं आणि मला न सांगता दिलं तर?" ती गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "मग पाटी लावायला पाहिजे होती."

असो. खरा प्रसंग यापुढं आहे.

आपू सांगतो की मी प्राण्यापासून आलेलं काहीच खात नाही. दूध नाही, चीजही नाही. लिसा चीज खाते. ती विचारते, मग मी तुला राक्षसच वाटत असेन? तो म्हणतो, हो, वाटतेस. अगदी सरळ म्हणतो. आणि पुढं सांगतो की आपलं म्हणणं दुसऱ्यावर लादण्यापेक्षा दुसऱ्याला सहन करायला मी फार पूर्वीच शिकलो. मागं न लागताही माणसावर परिणाम करता येतो. हे सगळं बोलणं दुकानाच्या गच्चीवरल्या बागेत होतं, तिथं पॉल आणि लिंडाही असतात.

नात माझ्याकडे वळली. "आजी, मग तो आपल्यालाही राक्षस म्हणेल का? आपण तर कुंदा खातो."

पुढ्यात बशीत कुंदाच होता. बेळगावात पाहुणं आलं की कुंदा येतो, त्याला इलाज नाही. मी काहीतरी बोलायला गेले. पूर्वी गाय घरची असायची, वासराला पाजून मग दूध काढायचे, वगैरे. पण पिशवीतलं दूध कुठल्या गोठ्यातून येतं आणि तिथल्या वासरांचं, पाड्यांचं काय होतं, ते मला माहीत आहे आणि मी ते स्वतःला विचारत नाही. नातीच्या वयाची, थोडी मोठी, आपल्यातली काही मुलंमुली आता दूधतूपही सोडतात. मंडळात त्यांच्याविषयी आम्ही काय बोलतो ते इथं लिहीत नाही. होमर बरा, असं बोलतो.

मी आयुष्यभर एकाच दिशेला बघत आले. खाली. कोण मांस खातं, कोण अंडं खातं, कोण रात्री जेवतं, कोण बटाटा खातं. आपल्या वरच्या पायरीवर कुणी उभं असेल आणि त्याला आपण तसेच दिसत असू, हे मनात आलं नाही. खरं तर दर चातुर्मासात वरची पायरी डोळ्यांसमोर असते. महाराज आहाराला येतात. दिवसातून एकदा, उभ्यानं, ओंजळीत. त्यांच्या लेखी आपलं स्वयंपाकघर, शेगडी, पाणी, फोडणी, सगळा आरंभच. आणि आहारात केस निघाला, काही अंतराय आला, तर काय करतात? ओंजळ सोडतात आणि निघून जातात. कुणाला बोल नाही. घरची बाई रडत बसते, पण ते तिला रागावलेले नसतात.

मी मात्र बोलले होते.

आमच्या शहापूरच्या गल्लीत भिंतीला भिंत लागून एक मराठ्यांचं घर आहे. तिथल्या वैनी माझ्याहून चार वर्षांनी मोठ्या. मी नवी नवरी होऊन आले तेव्हा मला कन्नड येत नव्हतं. बाजारात, दवाखान्यात त्या माझ्याबरोबर यायच्या. आमच्यात शिजलेल्या अन्नाची देवघेव एकाच बाजूनं. मी पुरणपोळ्या, शेंगापोळ्या द्यायचे. त्या आमचे नियम ओळखून कोरडं द्यायच्या, शेतातल्या कैऱ्या, पेरू, पावटा, हुरडा. बटाट्याचं पोतं त्यांच्या दारात उतरलं तरी आमच्या दारात कधी आलं नाही.

लिसाचा तो अर्धा भाग बघितल्यानंतरच्या वर्षी त्यांच्या गावची लक्ष्मीची यात्रा आली. आमच्या तालुक्यात ज्या गावांना अशी यात्रा असते, त्यांना ती कित्येक वर्षांनी येते. घरोघर मांडव, गावाबाहेरचे हजारो पाहुणे, आणि बोकडांचं जेवण. वैनींनी बोलावलं तेव्हा स्वतःच म्हणाल्या, "तुमचं वेगळं करतो. कांदा-लसूण काय नाही. दिवस मावळायच्या आत बसवतो." आम्ही तिघं गेलो.

मांडवाच्या मागं बोकडं बांधली होती. त्यांतलं एक सारखं ओरडत होतं. मला ते सहन झालं नाही, आणि ते सहन झालं नाही याची आजही मला लाज वाटत नाही. पण मी उठून पाणी प्यायला बाहेर गेले नाही, घरी निघाले नाही. वैनींच्या सासरच्या थोरामोठ्यांपुढं, त्यांच्या नव्या जावयापुढं, भरल्या मांडवात मी उभी राहिले आणि बोलले. लक्ष्मीचं नाव पुढं करून जिभेचे चोचले पुरवता, असं काहीतरी. बरंच बोलले. पाठशाळेत शिकवायची सवय, वाक्यं भराभर सुचत गेली. सगळे गप्प झाले. मग नवऱ्याचा आणि मुलाचा हात धरून मी गावाबाहेर रस्त्यावर येऊन उभी राहिले. बसमध्ये हे एक शब्द बोलले नाहीत. मुलाला भूक लागली होती, त्याला केळी घेऊन दिली.

त्या दिवशी मला फार उंच झाल्यासारखं वाटलं होतं. पाठशाळेत लिसाची गोष्ट सांगायला लागले ती त्यानंतरच. आता कळतं की बापानं हात जोडल्याचा शेवट मला कुठून सुचला. वैनींनी हात जोडावेत असं मला वाटत होतं.

वैनींनी भांडण केलं नाही. दारात दिसल्या की बोलायच्या, बऱ्या आहात ना विचारायच्या. "तू"चं "तुम्ही" झालं, आणि कैऱ्या यायच्या थांबल्या. मी मनात म्हटलं, सत्य बोललं की माणसं तुटतात. अठरा-एकोणीस वर्षं दर क्षमावाणीला मी शंभर-सव्वाशे जणांना 'उत्तम क्षमा' म्हणत आले, आधी घरोघर जाऊन, आता मोबाईलवरून. भिंतीपलीकडं कधी म्हटलं नाही. त्या आपल्यातल्या नाहीत, त्यांना त्याचं काय, असं स्वतःला सांगायचे.

मंडळातल्या बहिणी एक प्रश्न नेहमी विचारतात, आणि तो टाळण्यासारखा नाही. कृत, कारित, अनुमोदित. स्वतः करणं, करवणं आणि दुसऱ्यानं केलेल्याला संमती देणं, तिन्हींत दोष सारखा. मग अशा मांडवात गप्प बसलो तर ती अनुमोदना नाही का? आपूनं सहन करायचं म्हणणं म्हणजे चालू द्या म्हणणंच नाही का? माझ्या मनातही हे आलं. पण आपू गप्प बसला नव्हता. लिसानं विचारलं तेव्हा त्यानं खरं ते सांगितलं, मऊ करून सांगितलं नाही. त्याला ती राक्षस वाटते, आणि तरी त्यानं तिला आपल्या बागेत आणलेलं असतं. तत्त्वार्थसूत्रात चार भावना सांगितल्या आहेत. सगळ्या जीवांशी मैत्री, गुणीजनांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी कारुण्य, आणि जे ऐकणार नाहीत त्यांच्याविषयी माध्यस्थ्य. पहिल्या तिन्हींवर मी पाठशाळेत तासन् तास बोलले आहे. चौथीला दोन मिनिटं. माध्यस्थ्य म्हणजे संमती नव्हे, आणि पाठ फिरवणंही नव्हे. राग आणि द्वेष दोन्ही बाजूला ठेवून आपल्या जागी उभं राहणं. ते किती कठीण असतं ते त्या मांडवात कळायला हवं होतं. त्या दिवशी बोकडाविषयीचं कारुण्य मला झालं, यात शंका नाही. पण ते दोन-तीन मिनिटं टिकलं असेल. तोंडातून जे निघालं त्यात बोकड कमी आणि मान कषाय जास्त होता. माझ्या बोलण्यानं एकही बोकड सुटला नाही. कापलं ते मी वैनींना.

कुणी म्हणेल, एवढं सगळं एका कार्टूनवरून? मुलानंही फोनवर सांगितलं की तो आपू आता वादात आहे. परदेशात वाढलेल्या आपल्या मुलांना शाळेत त्याच्या नावानं, त्याच्या बोलण्याच्या हेलावरून चिडवायचे. हरी कोंडाबोलू यांनी 2017 साली त्यावर माहितीपट काढला, आणि गोऱ्या माणसानं काढलेला तो आवाज 2020 पासून बंद झाला. हे बरोबरच झालं. ज्या पोरांना चिडवलं गेलं त्यांना तो शहाणा माणूस होता असं सांगून काय उपयोग? तरी त्या एका भागात त्याच्या तोंडी घातलेलं मला लागायचं ते लागलं.

शेवटी लिसा घराकडं परतते. वाटेत होमर भेटतो. तोही तिलाच शोधत हिंडत असतो. ती म्हणते, माझं म्हणणं मी सोडत नाही, पण मी जे केलं त्याचं समर्थन करता येत नाही. तुमच्या मेजवानीचा विचका केला, मला माफ करा. होमर काही शाकाहारी होत नाही. लहानपणी मलाही कशाकशावर विश्वास होता, असं म्हणून तो तिला पाठीवर घेतो आणि दोघं घरी जातात. नावं सरकतात तेव्हा मॅकार्टनींचं एक गाणं लागतं. ते उलटं वाजवलं तर त्यात मसुराच्या सुपाची कृती ऐकू येते, असं नातीनं दाखवलं. कांदा, लसूण, गाजर. म्हणजे ते आपल्या कामाचं नाही.

नात परत गेल्यावर एका दुपारी मी वैनींकडे गेले. मधल्या वर्षांत त्या थकल्यात. सोप्यात बसून तूर निवडत होत्या. मी सुपाच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि निवडायला लागले. थोड्या वेळानं सांगितलं, "यात्रेच्या दिवशी मी तुमच्या मांडवात जे बोलले, ते चुकलं माझं."

त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "त्याचं काय नाही गं. आमच्या सासऱ्यांनी त्याच्याहून वंगाळ ऐकवलंय मला जन्मभर." मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, "खरं तुम्ही जेवला नाहीत बघ."

मला कळेना. त्याच पुढं बोलल्या. "पहाटे चारला उठून नवी चूल घातली होती परड्यात. तांब्याची भांडी चिंचेनं घासून घेतली. पाणी गाळून ठेवलं होतं, तू गाळतीस तसं, दुहेरी कापडातनं. तीन पानं मांडली होती. जावा हसत होत्या मला, जैनीण झालीस काय म्हणून. आणि तुम्ही तसंच उठून गेलात. ते सगळं मी मग गाईला घातलं."

लिसाच्या सुपाला सगळे हसले तेव्हा मला तिची किती दया आली होती.

"मला माहीत नव्हतं," मी म्हटलं.

"तू मागं वळून कुठं बघितलंस."

तूर निवडून झाली. त्यांनी सूप उचललं, आत जाता जाता म्हणाल्या, "पुढची यात्रा आली की सांगतो. खरं बोकड कापणार बघ आम्ही. त्यात बदल नाही."

"माहीत आहे. मला ते पाप वाटतं."

"ते बी मला माहीत आहे." आतून भांड्यांचा आवाज आला. "दिवस मावळायला अजून तास आहे. भात टाकू काय?"

मी म्हटलं, टाका. त्यांनी तांब्याचं पातेलं फळीवरून खाली काढलं आणि चिंच भिजत घातली.